दोन चाकं, चार चाकांच्या पाठीवर

रविवारी उजाडताना शिरूरला घोडनदीच्या पुलाजवळ चहाला थांबलं, की पुण्याकडून एखादी तरी गाडी अशी येते, जिच्या टपावर नाहीतर पाठीवर सायकली बांधलेल्या असतात. टपरीवरच्या बाकड्यावरून कुणीतरी म्हणतंच, "सायकलच चालवायचीय, तर ती गाडीवर लादून कशाला आणायची?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर रस्त्यावरच आहे. पुण्याहून नगर रस्त्याने निघालं, की वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, शिक्रापूर असा गर्दीचा पट्टा लागतो. त्यापुढे रांजणगावच्या एमआयडीसीचे कंटेनर. सोलापूर रस्त्यावर हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन अशी तीच तऱ्हा. सायकल चालवण्याची खरी मजा या पट्ट्याच्या पलीकडे आहे. शिरूरहून निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघायला जाणारी वाट, मोराच्या चिंचोलीची वाट, दौंडहून शिरापूरमार्गे भीमा ओलांडून सिद्धटेकच्या गणपतीला जाणारी वाट, किंवा भिगवणच्या पुढे कुंभारगावाशी उजनीच्या पाण्यात उतरलेले रोहित पक्षी बघण्यासाठी हिवाळ्यात पहाटे गाठायचा काठ. इथवर सायकल गाडीने आणायची आणि इथून पुढे चालवायची, हा हिशेब शहाणपणाचाच आहे.

अडचण पुढे येते. सायकल आणायची कशी? दुकानात गेलं, की पहिला प्रश्न असतो, "गाडी कुठली?" तो हवाच, पण त्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. सायकली किती आणि कशा? रस्ता कसा? आणि बांधलेलं सुटलं, तर ते कुणाच्या अंगावर जाईल? बहुतेक जण तिसरा प्रश्न विचारतच नाहीत. माझ्या मते निवड त्याच्यावर व्हायला हवी.

आधी वजन आणि माप

साधी काळी सायकल वीस किलोंच्या आसपास भरते. गिअरची हायब्रिड तेरा ते पंधरा किलो, शर्यतीची रोड बाईक आठ ते दहा किलो. बॅटरीवाली सायकल वीस-पंचवीस किलोंवर जाते, म्हणून ती चढवण्याआधी बॅटरी काढून गाडीत ठेवावी. दोन-तीन किलो तिथेच कमी होतात.

मोठ्या माणसाची सायकल लांबीला पावणेदोन मीटरच्या आसपास असते. वॅगन आर रुंदीला १.६२ मीटर, स्विफ्ट १.७३५ मीटर. म्हणजे गाडीच्या मागे आडवी टांगलेली सायकल बाजूला डोकावणार. पुढचं चाक काढलं, की तीच सायकल दीड मीटरच्या आसपास येते आणि गाडीच्या रुंदीत बसते. वाहतुकीची कुठलीही पद्धत निवडा, पुढचं चाक काढायला शिकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. क्विक रिलीजची कळ असेल, तर अर्ध्या मिनिटाचं काम. एकच काळजी घ्यायची. डिस्क ब्रेक हायड्रॉलिक असेल, तर चाक काढल्यावर ब्रेक दाबायचा नाही. दाबला, की आतले पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसत नाही. दोन पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवली, की प्रश्न मिटतो.

गाडीच्या पोटात

एकटा माणूस आणि एक सायकल असेल, तर काहीही विकत घेऊ नका. मागची सीट पाडा, दोन्ही चाकं काढा, जुनी चादर अंथरा आणि सायकल आडवी ठेवा. चेनची बाजू वर ठेवायची, कारण गिअर बदलणारा डिरेलर त्याच बाजूला असतो. तो सायकलीच्या वजनाखाली दबला, तर वाकतो. चेनला जुनं कापड गुंडाळलं, की सीटला वंगण लागत नाही. तिसरी रांग पाडता येणाऱ्या मोठ्या गाडीत दोन सायकलीही मावतात. मधे गोधडी घातली, म्हणजे झालं.

इथे ऊन, पाऊस, धूळ, चोर कुणाचीच भीती नाही. मायलेज तेवढंच राहतं आणि पोलीसही अडवत नाहीत. पण "आतच तर आहे" म्हणून सायकल मोकळी टाकू नये. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात असलेल्या वस्तूत जेवढा जोर असतो, तेवढाच चौदा मीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूत असतो. म्हणजे साधारण चौथ्या-पाचव्या मजल्यावरून. समोर अचानक म्हैस आली आणि ब्रेक दाबला, तर मागची चौदा किलोची सायकल त्या जोराने तुमच्या मानेकडे निघते. सीटच्या कड्यांना दोन पट्टे बांधायला दोन मिनिटं लागतात.

डिकीवरचा कॅरिअर

सगळ्यात जास्त विकला जाणारा प्रकार हाच. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा डिकीला टेकवायचा, पट्ट्यांचे आकडे दाराच्या कडांमध्ये अडकवायचे, पट्टे आवळायचे आणि दोन हातांवर सायकली टांगायच्या. किंमत बेताची, काढला की घडी होऊन माळ्यावर जातो.

पण याच्या बारीकसारीक खोडी फार. आकडा पत्र्याच्या कडेला लागला पाहिजे. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या स्पॉयलरच्या कडेला लावला, तर तडा जाणार. पॅडखाली धुळीचा एक कण राहिला, तरी पन्नास किलोमीटरमध्ये तो रंगावर पॉलिश पेपरसारखा फिरतो. म्हणून आधी डिकी ओल्या फडक्याने पुसायची. लेडीज सायकलला वरची आडवी नळी नसते, त्यामुळे ती टांगायची कशाला हा प्रश्न येतो. त्यासाठी सीटखालच्या दांड्यापासून हँडलपर्यंत लावायचा सुटा दांडा मिळतो. लहान मुलांच्या सायकलींचंही तसंच.

आमची एक फजिती सांगतो. दोन सायकली डिकीला टांगून शिरूरहून न्हावरे, पारगाव, चौफुला असं करत दौंडकडे निघालो होतो. पुढे सिद्धटेकला जायचं होतं. न्हावऱ्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने हात केला. गाडी बाजूला घेतली, तर तो वरूनच ओरडला, "ओ पाव्हणं, टायर जळाल्याचा वास येतोय की!" उतरून बघतो, तर बाहेरच्या सायकलीचं पुढचं चाक हँडलसकट फिरून खाली आलेलं आणि बरोबर सायलेन्सरच्या तोंडासमोर लोंबत होतं. तळहाताएवढ्या जागेत टायर मऊ पडून फुगलं होतं. हात लावला, तर चटका बसला. आणखी दहा किलोमीटर गेलो असतो, तर ट्यूब फुटली असती. चूक कॅरिअरची नव्हती, आमचीच होती. हँडल आणि पुढचं चाक सायकलीच्या नळीला बांधायला हवं होतं, ते आम्ही मोकळं सोडलं होतं. तेव्हापासून चाक काढून गाडीत ठेवतो, आणि काढलं नाही, तर तीन ठिकाणी बांधतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती तरफेची. दोन सायकली आणि सांगाडा मिळून ४० किलो धरू. हे वजन मागच्या चाकांच्या आसापासून साधारण एक मीटर मागे लोंबतं. पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर समजा २.४५ मीटर आहे. तर हे ४० किलो पुढच्या चाकांवरचं सुमारे १६ किलो वजन उचलतात, आणि मागच्या चाकांवर ४० नव्हे, ५६ किलो येतात. त्यात डिकीत सामान आणि मागे तीन माणसं असली, की गाडी मागून बसते. मग प्रत्येक गावाच्या वेशीवरचा स्पीडब्रेकर त्रास देतो. आपल्याकडचे स्पीडब्रेकर मापाने बांधलेले नसतात, ज्याला जसा सुचला तसा तो घातलेला असतो. त्यावरून गाडी आदळली, की क्षणभर पट्ट्यांवर सायकलीच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट ताण येतो. घट्ट वाटलेला पट्टा सैल होतो, तो इथेच.

टपावर

टपावरच्या ओझ्याची आपल्याला सवय आहे. एसटीच्या टपावर शिडीने चढवलेली सायकल, शेजारी कोंबड्यांची खुराडी आणि ट्रंका, हे चित्र पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना आठवत असेल. मोटारीच्या टपावर मात्र आधी दोन आडव्या पट्ट्या लागतात. त्या गाडीच्या रेलिंगवर बसतात किंवा दाराच्या चौकटीत पकडतात. त्यांच्यावर सायकलीची खाच. काही खाचांमध्ये पुढचं चाक काढून फोर्क अडकवतात, काहींमध्ये चाकासकट सायकल उभी राहते आणि एक हात तिची नळी धरतो. सायकल कार्बनची असेल, तर नळी पकडणारा प्रकार टाळावा. कार्बन लांबीच्या दिशेने ताकदवान असतो, पण चिमटा बसला, की आतून चिरतो.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही सुमारे ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. अशा शर्यतींत संघांच्या गाड्या सायकलपटूंच्या मागे धावतात आणि राखीव सायकली टपावर उभ्या असतात. मेकॅनिक उतरतो, हात वर करतो, सायकल काढतो आणि खेळाडूला देतो. डिकी मोकळी, मागचे दिवे मोकळे, नंबर प्लेट मोकळी. टपाचा खरा फायदा हाच.

तोटा वाऱ्याचा. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० वरून ९० वर गेलात, तर वेग दीडपट होतो, पण विरोध सव्वादोन पट. मागे टांगलेली सायकल गाडीच्या आडोशाला असते, टपावरची थेट वाऱ्याच्या तोंडी. पेट्रोलचा काटा त्याची नोंद ठेवतो. शिवाय वजन वर गेल्याने वळणावर गाडी जास्त झुकते. टपावर किती किलो चालतं, हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. त्यात सायकलीच नाहीत, पट्ट्या आणि खाचाही मोजायच्या.

आणि उंची. दीड मीटरची गाडी, त्यावर पट्टी, त्यावर मीटरभर उंचीची सायकल, सगळं मिळून पावणेतीन मीटरच्या आसपास. सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगचं छत बहुधा याहून खाली असतं. दौंडकरांना रेल्वेखालची कुरकुंभ मोरी ठाऊक आहे. अशी कुठलीही मोरी, लोखंडी कमान किंवा हॉटेलच्या दारातला मांडव दिसला, की आधी टपावरची सायकल आठवली पाहिजे. घरी परतताना, दमलेलं असताना, माणूस नेमकं तेच विसरतो. पुस्तिकेत नसलेला एक सोपा उपाय म्हणजे स्टिअरिंगवर "वर सायकल आहे" अशी चिठ्ठी चिकटवणं.

स्टेपनीवर आणि हुकावर

थार किंवा जिमनीसारख्या गाड्यांची स्टेपनी मागच्या दारावर असते. तिच्यावर बसणारा कॅरिअर डिकीवरच्यापेक्षा पक्का, कारण त्याला पत्र्याचा नव्हे, चाकाच्या बोल्टचा आधार असतो. तरी दाराच्या बिजागरीवर किती भार चालेल, ते विचारून घ्यावं.

युरोप-अमेरिकेत गाडीच्या चॅसीला जोडलेल्या ओढहुकावर बसणारे कॅरिअर जास्त चालतात. सायकल कमरेच्या उंचीवर, चढवायला सोपी, जड बॅटरीवाल्या सायकलींनाही योग्य. तिकडे हा धंदा जुना आहे. या क्षेत्रातली थुले ही स्वीडिश कंपनी १९४२ मध्ये मासेमारीचा सापळा बनवून सुरू झाली आणि साठच्या दशकात टपावरच्या कॅरिअरकडे वळली. आपल्याकडे मोटारींना असा हुक कारखान्यातून क्वचितच येतो. गॅरेजमध्ये वेल्डिंग करून तो बसवणं म्हणजे गाडीच्या मूळ बांधणीत बदल करणं, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ला ते मान्य नाही. अपघात झाला, तर विम्याच्या वेळीही हाच मुद्दा निघू शकतो.

टेम्पो आणि रेल्वे

पाचपेक्षा जास्त सायकली असतील, तर गाड्यांना सांगाडे लावत बसू नये. छोटा हत्ती किंवा पिकअप भाड्याने घ्यावा. पंढरपूरला सायकल वारी करणारे बरेच गट हेच करतात. जाताना सायकलीवर, येताना माणसं बसने आणि सायकली टेम्पोने. टेम्पोत सायकली आडव्या रचायच्या नाहीत. उभ्या ठेवायच्या, एकीचं तोंड पुढे, दुसरीचं मागे, म्हणजे हँडलं एकमेकांत अडकत नाहीत. दोहोंच्या मधे पोतं किंवा गोधडी, आणि शेवटी सगळ्यांना मिळून फळीला आडवा दोर.

दौंडच्या बाजूला आणखी एक सोय आहे, ती शिरूरला नाही. दौंड हे जंक्शन आहे. पुण्याहून रेल्वेने सायकल पार्सल ऑफिसमध्ये बुक करून सामानाच्या डब्यातून नेता येते. मात्र तुमची गाडी आणि सायकलची गाडी एकच असेल ना, तिथे ती उतरवून घ्यायला वेळ मिळेल ना, हे आधी विचारावं. घडीची सायकल पिशवीत घालून नेली, तर तीही कटकट वाचते. शिरूरला रेल्वे नाही, त्यामुळे तिथे सगळा भार रस्त्यावरच.

कडब्याची गाडी आणि आपले पट्टे

बांधण्याची विद्या आपल्याकडे आहे, फक्त ती मोटारवाल्यांनी विचारलेली नाही. कडब्याची ट्रॉली बांधणारा शेतकरी दोर आवळतो, काठी घालून पीळ देतो आणि निघतो. दोन-तीन किलोमीटरवर तो थांबतो. कडबा दबलेला असतो, दोर सैल झालेला असतो. तो पुन्हा आवळतो, तेव्हा कुठे लांब पल्ल्याला लागतो. सायकलीच्या पट्ट्यांचंही तसंच. रबरी पॅड दबतात, नायलॉन ताणतं. निघाल्यावर पाच-दहा किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे एकदा ओढायचे. त्यानंतर प्रत्येक चहाला.

पट्टा बकलाचा असावा. लवचीक हुकवाल्या रबरी दोऱ्यांवर मुख्य भार देऊ नये, त्या फक्त चाक फिरू नये म्हणून. पंक्चरच्या दुकानातली जुनी ट्यूब उभी चिरून केलेली पट्टी मात्र झकास. ती घसरत नाही आणि रंगही खरवडत नाही. पट्ट्याची लोंबती टोकं गुंडाळून ठेवा, नाहीतर ती वाऱ्यात फडफडून पत्र्यावर आपटतात. दोन नळ्या जिथे घासतील, तिथे फडकं. सगळं झालं, की सायकल दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. तिच्यासोबत सगळी गाडी हलली पाहिजे. सायकल एकटीच हलली, तर निघू नका.

मागे टांगलेल्या सायकलीवर धूळ जास्त बसते. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेली माती तिथे ओढली जाते. कोरड्या दिवसांत शिरूर-दौंडची पांढरी धूळ चेनच्या वंगणात बसली, की तिचा मलम होतो. उतरवल्यावर आधी चेन पुसा, मग पायडल मारा. आणि रस्त्यावर उतरण्याआधी टायरवर हात फिरवा. या भागात पंक्चरचं पहिलं कारण बाभळीचा काटा आहे.

कायदा आणि मागचा माणूस

कायद्याची भाषा इथे साधी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ (१अ) आलं. गाडीवरचं ओझं बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला परवानगीपेक्षा बाहेर आलं, तर २० हजार रुपये दंड आणि ते ओझं उतरवण्याचा खर्चही आपल्याच माथी. नंबर प्लेट आणि दिवे झाकले, तर तीही चूकच. जर्मनीत आणि ब्रिटनमध्ये मूळ पाटी आणि दिवे झाकले जात असतील, तर मागच्या कॅरिअरला स्वतंत्र नंबर पाटी आणि दिव्यांची पट्टी लावावी लागते. आपण सायकली अशा टांगाव्यात, की मूळ पाटी आणि दोन्ही बाजूंचे दिवे दहा पावलांवरून दिसतील. गाडीच्या मागे तेवढी पावलं चालून जा आणि कुणाला तरी ब्रेक आणि इंडिकेटर दाबायला सांगा.

हे इतक्यांदा सांगण्याचं कारण आपल्या रस्त्यांवर आहे. उसाच्या हंगामात न्हावरे, केडगाव, पाटस या बाजूंना संध्याकाळनंतर दुहेरी ट्रॉल्यांची रांग लागते. पुढची ट्रॉली दिव्याशिवाय चालते, म्हणून आपण जोरात ब्रेक मारतो. त्या वेळी आपल्या मागे कोण असतं? बहुतेकदा मोटारसायकलवर डबलसीट, हेल्मेटशिवाय, मांडीवर पोर घेतलेलं एखादं कुटुंब. त्याला आपले ब्रेकचे दिवे दिसले पाहिजेत. आपली सायकल त्याच्यासमोर रस्त्यावर पडता कामा नये.

म्हणून माझा निवाडा असा. एक सायकल असेल, तर गाडीच्या आत. दोन असतील, तर आधी आत बसतात का ते बघा. नाहीच बसल्या, आणि उंची व वजन जमत असेल, तर टपावर. ते जमत नसेल किंवा उचलणं झेपत नसेल, तर डिकीवर, पण पुढची चाकं काढून, दिवे मोकळे ठेवून आणि दिवसाउजेडी. बॅटरीवाली जड सायकल टपावर नको. पाचांहून जास्त असतील, तर टेम्पो. दौंडला एकट्याने जायचं असेल, तर रेल्वेचाही विचार करा.

आणि न्हावऱ्याजवळ उसाच्या ट्रॅक्टरवरून कुणी हात केला, तर तो वाट मागतोय असं समजून पुढे जाऊ नका. थांबा. तुमच्या पाठीवर काय चाललंय, ते तुमच्याआधी त्याला दिसलेलं असतं.